मेक्सिकोचं बनावट परमिट

टेक्सासहून पिकअपमागे ट्रेलर जोडून मेक्सिकोत जाणार असाल तर हे वाचून मग निघा. सीमेलगतचा पट्टा सोडून आत जायला गाडीचं तात्पुरतं आयात परमिट लागतं. ते देते बानहेर्सितो, म्हणजे तिकडची लष्करी बँक. 2007 किंवा त्यापुढच्या मॉडेलला 400 डॉलर अनामत. परतताना परमिट रद्द केलं की ती मिळते.

ऑनलाइन शोधताना सगळ्यात वर आलेल्या साइटवर झेंडा, गरुड, सगळा सरकारी थाट होता. अनामतीचा आकडाही बरोब्बर 400. शिवाय ‘ट्रेलर तपासणी’चे वेगळे पैसे घेतले. पासपोर्ट, लायसन्स, दोन्ही रजिस्ट्रेशनं स्कॅन करून मागितली आणि बारकोडसकट पीडीएफ लगोलग हजर! सरकारी काम इतकं झटपट होतं का, असं बायको म्हणालीही.

सीमेवरच्या नुएवो लारेदो शहरात बानहेर्सितोच्या काउंटरवर काचेच्या स्टिकरबद्दल विचारलं. तिथल्या बाईंनी नंबर टाकला, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आमचं नाही.” चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. असले कागद त्यांनी आधी पाहिले असणार. तसेच पुढे गेलो असतो तर मोंतेरेच्या वाटेवर 26 किलोमीटरच्या नाक्यावर अडकलो असतो, आणि परमिटविना आत गेलेली गाडी जप्तही होते. नवं परमिट काढलं, अनामत पुन्हा भरली. ट्रेलर तपासणीचे पैसे कुणीच मागितले नाहीत.

त्याच साइटनं गळ्यात मारलेल्या विम्यात ट्रेलरचा उल्लेखसुद्धा नव्हता. अमेरिकन पॉलिसी मेक्सिकोत ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे तिथली पॉलिसी घ्यावीच लागते; तिच्यात ट्रेलर वेगळा लिहिलाय ना, ते डोळ्यांनी बघा.

कार्ड कंपनीकडे तक्रार केली तर साइटचं उत्तर, “कागद पाठवला, काम झालं.” काउंटरवरची नवी पावती जोडली तेव्हा कुठे पैसे सुटले. पण आमचे सगळे स्कॅन अजून त्या लोकांकडेच आहेत, आणि खरी धास्ती त्याचीच आहे. म्हणून इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या अमेरिकेतल्या पत नोंदवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलंय, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला सहजी कर्ज काढता येऊ नये. 2018 पासून ते फुकट आहे.

मेक्सिकोतल्याच बाहा कॅलिफोर्नियात गाडीला हे परमिट लागतच नाही. घरी आल्यावर मुद्दाम त्याच साइटवर तिथलं एन्सेनादा शहर टाकून पाहिलं, तर तिथेही 400 डॉलर मागितले. दुवा मेक्सिकन वकिलातीच्या पानावरून घ्या, नाहीतर सरळ सीमेवरच्या काउंटरवर परमिट काढा.