कोंबडीच्या मोठ्या जखमेसाठी केमिस्टकडून काय आणावं, काय आणू नये

कुत्र्याने किंवा मुंगसाने कोंबडीची पाठ फाडली की घरातून आधी हळद निघते आणि केमिस्टकडून आधी मलम येतं. दोन्ही चुकीच्या वेळी. मुंबईत गोराई, मढ, वेसाव्याचा कोळीवाडा, आरेतले पाडे, वांद्र्याची गावठाणं, जिथे जिथे परसात गावरान कोंबड्या आहेत तिथे जवळच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपैकी खरा फरक कशाने पडतो, ते इथे वापराच्या क्रमाने लिहिलं आहे.

सगळ्यात जास्त गुण सलाइनच्या 500 मिलीच्या बाटलीला. शंभर रुपयांच्या आत मिळते आणि कुठल्याही मलमापेक्षा जास्त काम करते. घेताना लेबल वाचा: फक्त ‘सोडियम क्लोराइड 0.9 टक्के’ हवं. काउंटरवर नुसतं ‘सलाइन’ मागितलं तर डेक्स्ट्रोज मिसळलेली बाटलीही हातात पडू शकते. ती साखरेची असते, जखम चिकट होते आणि आपल्याकडे तासाभरात मुंग्या लागतात. सोबत 20 मिलीची सिरिंज आणि 18 नंबरची सुई घ्या. सुई बाटलीच्या रबरातून आत घालून सलाइन ओढायचं, सुई काढून ठेवायची आणि नुसत्या सिरिंजने जखमेवर धार मारायची. नुसतं ओतलं तर माती आणि कुत्र्याची लाळ तिथेच राहते, धारेने ती सुटते. तळहाताएवढ्या जखमेला पहिल्या दिवशी 200 ते 300 मिली सहज लागतं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि धक्क्यात असलेला पक्षी गार पाण्याने आणखी खचतो. उघडलेली बाटली 24 तासांनंतर जखमेला वापरू नये. दुकान बंद असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. अंदाजाने टाकलेलं मीठ जास्त झालं तर झोंबतं आणि जखमेतल्या पेशींचं पाणी ओढून घेतं.

रक्त वाहत असेल तर धुणं थांबवा. आधी स्वच्छ गॉझ ठेवून पाच मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. दीड किलोच्या कोंबडीत रक्त असतं साधारण 100 मिली, म्हणजे चहाचा एक कप. त्यातलं थोडं गेलं तरी तिला जड जातं. दाब जखमेवर द्या, छातीवर नको. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा पडदा, नसतं; छातीचं हाड खाली-वर हललं तरच हवा आत जाते. घट्ट धरलेली किंवा छातीभोवती पट्टी आवळलेली कोंबडी गुदमरून मरते आणि दोष जखमेला दिला जातो.

धुण्याआधी जखमेच्या कडेची पिसं कात्रीने कापायची, दोन सेंटीमीटरपर्यंत. उपटू नका. फाटलेली कातडी पिसासोबत आणखी उसवते आणि उगवतं पीस मुळापाशी रक्ताने भरलेलं असतं. कापलेले तुकडे आत पडू नयेत म्हणून जखमेवर सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ ठेवून कापा. हातमोजे घाला, विशेषतः कुत्रा चावला असेल आणि तुमच्या बोटाला चीर असेल तर.

दुसरी वस्तू पोव्हिडोन आयोडीन. चांगली, पण बाटलीतून थेट ओतू नये. 5 टक्क्यांचं सोल्युशन असेल तर 5 मिलीत 45 मिली सलाइन, 10 टक्क्यांचं असेल तर 5 मिलीत 95 मिली. रंग पातळ कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. त्याहून दाट लावलं तर जंतूंबरोबर नवं मांसही जळतं आणि जखम आठवडाभर तशीच राहते. आणखी एक चूक: ‘सर्जिकल स्क्रब’ लिहिलेली 7.5 टक्क्यांची बाटली. रंग तोच, नाव जवळपास तेच, पण त्यात साबण असतो. तो हात धुण्यासाठी आहे, उघड्या मांसासाठी नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण तो जिवंत पेशीही मारतो. घरगुती फरशी-कपड्यांची जंतुनाशकं आणि फिनेल तर अजिबात नको. किडे पडल्यावर फिनेल टाकायची जुनी सवय आहे, त्याने किडे मरतात आणि कोंबडीही.

तिसरी वस्तू सिल्व्हर सल्फाडायझिनचं 1 टक्क्याचं पांढरं क्रीम, जे भाजलेल्या जखमेसाठी देतात. मोठ्या, उघड्या, कातडी निघालेल्या जखमेला हे आम्हाला सगळ्यात योग्य वाटतं, कारण जखम ओलसर ठेवतं आणि पाण्याने धुऊन निघतं. सकाळ-संध्याकाळ जुना थर सलाइनने काढून नवा पातळ थर लावायचा. दाट लावलं की आजूबाजूची पिसं चिकटतात आणि अंगाची ऊब धरत नाहीत. तेलकट, व्हॅसलीनसारख्या मलमांचा तोच दोष, शिवाय ती निघत नाहीत.

इथे काउंटरवरच्या सल्ल्यापासून जपा. ‘जखमेचं मलम’ मागितलं की कधी कधी बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब मिळते. हे स्टिरॉइड आहे, जखम भरणं लांबवतं आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती पाडतं. दुखू नये म्हणून लिग्नोकेन किंवा बेंझोकेन मिसळलेली मलमंही नकोत, पक्ष्यांना ती थोड्या मात्रेतही बाधतात. आणि डायक्लोफेनॅकचं जेल किंवा गोळी कधीच नाही. याच औषधाने गिधाडं संपत आली आणि 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. वेदनेचं औषध पशुवैद्यच वजन बघून देतील, मग अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा.

जनावरांच्या दुकानातला वनौषधींचा फवारा पावसाळ्यासाठी घ्यावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत माशी उघड्या जखमेवर काही तासांत अंडी घालते, दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. फवारा माश्यांना दूर ठेवतो, जखम भरून आणत नाही. थेट मारू नका. फुसकाऱ्याने कोंबडी बिथरते आणि उग्र वास श्वासात जातो. गॉझवर मारून जखमेच्या कडेने पुसा, आत नाही. अळ्या पडल्याच असतील तर चिमट्याने एकेक काढा, कोमट सलाइनची धार मारा, चार तासांनी पुन्हा बघा. एका फेरीत सगळ्या निघत नाहीत, खालच्या कप्प्यात लपलेल्या राहतात. खोलवर असतील तर पशुवैद्याकडे.

जेन्शन व्हायोलेट, म्हणजे जांभळं औषध, जखम कोरडी करतं म्हणून मोठ्या जखमेत नको. पण वरच्या ओरखड्यांवर आणि भरत आलेल्या कडांवर उत्तम. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचायला धावतात, जांभळ्याने तो झाकला जातो. तरी जखमी कोंबडी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायचीच, बाकीच्या दिसतील अशा जाळीमागे. खाली भुसा नको, जखमेत अडकतो. जुना सुती कपडा किंवा वर्तमानपत्र रोज बदला. पाणी तोंडाजवळ, खाणं ओलं करून, सोबत थोडं उकडलेलं अंडं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक घाबरतात, बहुतेक वेळा विनाकारण. कडेची कातडी हिरवी दिसते. ती सडलेली नसते, कोंबडीचा मुका मार हिरवाच दिसतो. जखमेवरचा पातळ पिवळा पापुद्राही पू नव्हे, तो ओरबाडू नका. पक्ष्याचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होतो. तसा गोळा, काळी कडक कातडी किंवा कुजका वास आला तरच काळजी. खालून गुलाबी, दाणेदार मांस येत असेल तर जखम योग्य वाटेवर आहे. तळहाताएवढी जखमही टाके न घालता काही आठवड्यांत भरून येते. टाके घालायचेच तर जखम ताजी आणि स्वच्छ असताना पशुवैद्याने घालावेत. घाण आत ठेवून शिवलेली जखम फुगून फुटते.

तीन गोष्टींत यातलं काहीच उपयोगाचं नाही. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर सलाइनही मारू नका, ते हवेच्या पिशव्यांत जाईल. प्यायलेलं पाणी किंवा दाणे गळ्याखालच्या जखमेतून बाहेर येत असतील तर अन्नाची पिशवी फाटली आहे. आणि हाड दिसत असेल. तेव्हा ओला गॉझ ठेवून, भोकं पाडलेल्या खोक्यात घालून परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात किंवा पक्षी बघणाऱ्या जवळच्या पशुवैद्याकडे न्या. निघण्याआधी फोन करून पक्ष्यांचे डॉक्टर त्या वेळी आहेत का ते विचारा.

गॉझ, सिरिंज, पट्ट्या वारंवार लागणार असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकलच्या दुकानांतून एकदम घ्या. गॉझ न चिकटणारा, पॅराफिनचा मागा. साधा कोरडा गॉझ काढताना रोज आलेलं नवं मांस सोबत घेऊन निघतो. पाठीच्या जखमेला पट्टी टिकत नाही आणि गरजही नसते, माश्या नसतील तर क्रीम लावून उघडी ठेवलेली बरी. पायाच्या किंवा पंखाच्या जखमेला पट्टी बांधली तर रोज सोडून बघायची, पायाची बोटं गार पडली असतील तर ती घट्ट झाली आहे.

कळपात परत सोडायची ती कातडी पूर्ण मिटून पिसांचे खुंट आल्यावर, रात्री, बाकीच्या आडीवर, म्हणजे झोपायच्या दांडीवर, बसल्यानंतर. कोवळ्या खुंटांत रक्त असतं, टोच बसली तर पुन्हा वाहतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस सकाळी खुराडं उघडताना जवळ थांबा.