दोन तासांचा व्हिडिओ टाकायला कुणी सांगितलं तर तिथेच थांबा

हे लिहायला मी चार महिने लावले. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण आपण इतक्या सहज गळाला लागलो ही गोष्ट कुणापुढे बोलवत नव्हती. गेल्या आठवड्यात यूट्यूबवर नवीनच चॅनेल सुरू केलेल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, वॉच टाइम वाढवून देणारं कुणी खात्रीचं आहे का तुमच्या ओळखीत?" वॉच टाइम म्हणजे प्रेक्षकांनी चॅनेलचे व्हिडिओ पाहण्यात घालवलेला एकूण वेळ. तिचा प्रश्न ऐकून मात्र गप्प बसवेना. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

माझं चॅनेल शिलाई मशीन दुरुस्तीचं आहे. बॉबिन केस कशी बसवायची, धागा का तुटतो, खालचा टाका सैल का पडतो, असे छोटे छोटे विषय. पहिले सहा महिने कुणी फिरकलं नाही. मग "मशीन टाके का सोडते" हा नऊ मिनिटांचा व्हिडिओ अचानक चालला. त्यात मी सुईचा दांडा अगदी खाली नेऊन किंचित वर आणतो आणि त्या क्षणी धागा पकडणाऱ्या हुकाचं टोक सुईच्या छिद्राच्या जरासं वर कसं यायला हवं, ते जवळून दाखवतो. एका व्हिडिओने चॅनेलला ८७० सबस्क्रायबर मिळवून दिले आणि वॉच टाइम २,७०० तासांपर्यंत नेला.

आता नियम नीट समजून घ्या, कारण माझ्या फसवणुकीचं मूळ त्यातच आहे. यूट्यूबवर जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा सार्वजनिक वॉच टाइम लागतो. शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, मार्गाने जायचं तर तेवढेच सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. तासांचा नियम जानेवारी २०१८ मध्ये आला, त्याआधी चॅनेलचे एकूण १०,००० व्ह्यूज झाले की पुरत असे. यात "मागच्या १२ महिन्यांत" हे शब्द मी वाचले होते, पण त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. आज मिळालेले तास पुढच्या वर्षी याच दिवशी मोजणीतून गळतात. माझ्या गाजलेल्या व्हिडिओला वर्ष पूर्ण झालं तसा आकडा वर जायच्या ऐवजी रोज खाली येऊ लागला. २,७०० चे २,६२०, मग २,५५०. नवीन व्हिडिओ टाकत होतो, पण मागून गळती जास्त. सकाळी उठलो की आधी यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलचे आकडे दाखवणारं यूट्यूबचंच पान, उघडायचा आणि आज किती गेले ते बघायचं, अशी सवय लागली होती.

या भीतीवर जगणारी माणसं आहेत. अशाच एकाचा मला मेसेज आला. "सर, तुमचा कंटेंट एक नंबर आहे, फक्त रीच कमी पडतोय. आम्ही प्रमोशन करून खरे प्रेक्षक आणतो. ३० दिवसांत मॉनेटायझेशन, नॉन-ड्रॉप, लाइफटाइम गॅरंटी." मॉनेटायझेशन म्हणजे जाहिरातींचं उत्पन्न सुरू होणं, नॉन-ड्रॉप म्हणजे वाढलेला आकडा पुन्हा खाली न येणं. बोलणं अत्यंत आदबीचं. माझे दोन व्हिडिओ त्याने खरंच पाहिले होते, हुकाचं टायमिंग हा शब्दही वापरला. मला तेव्हा वाटलं, एवढं लक्ष देऊन पाहणारा माणूस लबाड कसा असेल?

अर्धे पैसे आधी, अर्धे नंतर, असं ठरलं. मग त्याने एक गोष्ट करायला सांगितली आणि तिथेच मला उमगायला हवं होतं. म्हणाला, "तुमचे सगळे जुने व्हिडिओ एकापुढे एक जोडून दोन तासांचा एक व्हिडिओ टाका. आम्ही फक्त त्याचंच प्रमोशन करू." मी कारण विचारलं तर म्हणाला, मोठा व्हिडिओ अल्गोरिदमला आवडतो. खरं कारण साधा गुणाकार आहे. नऊ मिनिटांच्या व्हिडिओवर हजार तास जमवायला हजारो व्ह्यूज दाखवावे लागतात, तेच दोन तासांच्या व्हिडिओवर पाचशेसाडेपाचशे व्ह्यूजमध्ये भागतं. त्याचा खर्च कमी, काम झटपट.

अकरा दिवसांत त्या व्हिडिओला ८०० व्ह्यूज झाले. सरासरी पाहण्याचा वेळ १ तास ५८ मिनिटं. म्हणजे जवळपास १,५७० तास. वर दीडशे सबस्क्रायबर. माझा आकडा ४,००० च्या पुढे गेला आणि मी त्याच रात्री उरलेले पैसे पाठवून दिले. घरात सगळ्यांना सांगितलं, आता उत्पन्न सुरू होणार.

दुसऱ्या दिवशी मी त्या व्हिडिओचा रिटेन्शनचा आलेख उघडला, म्हणजे प्रेक्षक कुठपर्यंत टिकले ते दाखवणारी रेघ. माझ्या टाके सोडण्याच्या व्हिडिओची रेघ मला पाठ आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती घसरते, मग हळूहळू उतरत जाते आणि ४ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास तिथे एक उंचवटा येतो. हुकाचं टोक दाखवतो ती जागा. लोक मशीन समोर ठेवून तेवढाच तुकडा मागे नेऊन परत परत पाहतात, त्यामुळे रेघ वर उचलली जाते. दोन तासांच्या व्हिडिओत तोच तुकडा होता. पण तिथली रेघ पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. ना सुरुवातीला घसरण, ना मध्ये उंचवटा. आठशे जणांपैकी एकानेही काही मागे नेलं नाही, काही पुढे ढकललं नाही, मध्येच कुणी उठून गेलं नाही. एक कमेंटही नाही. तेव्हा पोटात गोळा आला. त्या व्हिडिओसमोर कुणी बसलेलंच नव्हतं.

तरीही मी उत्पन्न सुरू करण्यासाठी यूट्यूबकडे अर्ज केला. हे कबूल करताना मान खाली जाते, पण केला. अर्ज तपासणीत असतानाच, नवव्या दिवशी, वॉच टाइम ४,०५० वरून एकदम २,४०० च्या आसपास आला. सबस्क्रायबर पुन्हा हजाराच्या खाली. पाठोपाठ अर्ज नामंजूर. बनावट प्रतिसाद मिळवणं यूट्यूबच्या धोरणात स्पष्ट मना आहे, ते तास आणि सबस्क्रायबर काढून टाकतात आणि प्रकरण वाढलं तर चॅनेलही जाऊ शकतं. माझं चॅनेल राहिलं, हे नशीब.

त्या माणसाच्या बोलण्यातली खोच मला नंतर कळली. त्याने खरोखर जाहिराती देऊन प्रेक्षक आणले असते, तरी जाहिरात मोहिमेतून मिळालेला वॉच टाइम या ४,००० तासांत धरलाच जात नाही. अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसणारे), खासगी किंवा डिलीट केलेल्या व्हिडिओंचे तासही धरत नाहीत. म्हणजे तो खरं बोलत असता तरी माझ्या पदरात काही पडलं नसतं. आणि समजा, मी कसाबसा आत गेलो असतो, तरी पुढे काय? कमाई मॉनेटायझेशनच्या शिक्क्यातून येत नाही. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो, आणि ती जाहिरात खऱ्या माणसाने पाहावी लागते. बनावट व्ह्यूजवरचं उत्पन्न अवैध ठरवून कापून घेतात. शिवाय ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे पैसे जमा होतात त्या खात्यात, १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ लावून ते शंभर कधी जमणार होते?

पैसे परत मागितले तर तो चिडला नाही. उलट म्हणाला, "सर, गॅरंटी आहे ना, रिफिल देतो. फक्त चॅनेलचा मॅनेजर ॲक्सेस द्या." रिफिल म्हणजे गळलेले तास पुन्हा भरून देणं, आणि मॅनेजर ॲक्सेस म्हणजे त्याला माझं चॅनेल चालवायची परवानगी. मी टाळाटाळ करत होतो, तेवढ्यात दुसऱ्याच दिवशी "यूट्यूब सपोर्ट"च्या नावाने ईमेल आला. तुमचा अर्ज फेरतपासणीसाठी पात्र आहे, तपासणी शुल्क भरा. लोगो, रंग, सही, सगळं जागच्या जागी. मी शुल्क भरलं. एकदा बुडालेला माणूस गेलेलं परत मिळवायच्या नादात जास्त खोल जातो, माझंही तेच झालं. पुढच्या ईमेलला पासवर्डने कुलूपबंद केलेली एक झिप फाइल होती, "करारपत्र" नावाची. पासवर्ड ईमेलातच लिहिलेला.

ती फाइल उघडायच्या आधी मी ताईला दाखवली, केवळ करारातलं इंग्रजी समजावं म्हणून. तिने करार बाजूला ठेवला आणि आधी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. सपोर्टच्या नावाखाली भलतंच डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) होतं. ती एवढंच म्हणाली, "अरे, अर्ज करायला यूट्यूब पैसे घेतंच कुठे?" खरंच घेत नाही. अर्जाला नाही, तपासणीला नाही, फेरअर्जालाही नाही. पहिल्यांदा नामंजूर झालं तर ३० दिवसांनी परत फुकट अर्ज करता येतो.

फाइलला पासवर्ड लावतात तो बहुधा व्हायरस तपासणीच्या नजरेतून सुटावी म्हणून. अशा फाइलमधला प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची खूण ठेवणाऱ्या छोट्या फाइल्स, चोरतो. कुकीज हातात आल्या की चोराला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि फोनवर येणारा कोडही लागत नाही, कारण तुम्ही आधीच लॉगिन केलेलं सत्र तो तसंच्या तसं उचलून नेतो. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यूट्यूबर्सवरच्या नेमक्या याच हल्ल्यांची माहिती प्रसिद्ध केली होती. चोरलेल्या चॅनेलचं नाव बदलून त्यावर क्रिप्टोच्या खोट्या योजनांचे लाइव्ह चालवतात. ताईने त्या रात्री पत्ता पाहिला नसता तर माझ्या मशीनच्या व्हिडिओंच्या जागी तेच दिसलं असतं आणि माझ्यावर विश्वास ठेवणारे ८७० लोक त्यांच्या हाती गेले असते.

एका गोष्टीचा सल मात्र अजून जात नाही. २०२३ पासून अनेक देशांत आधीची एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास. त्यात जाहिरातींचं उत्पन्न नाही, पण मेंबरशिप (प्रेक्षकांची दरमहा वर्गणी) आणि सुपर थँक्स (प्रेक्षकांनी व्हिडिओखाली स्वखुशीने दिलेले पैसे) सुरू करता येतात. पैसे पाठवले त्या दिवशी माझे खरे तास २,४८० होते. साडेपाचशे तासांपेक्षाही कमी अंतर होतं. ते पार करायला चांगले तीन-चार व्हिडिओ करायचे होते, आणि तो वेळ मी जुने व्हिडिओ जोडून दोन तासांची लांबण बनवण्यात घालवला.

कुणी माझ्यासारखे पैसे भरून बसले असाल तर रिफिल घेऊ नका, दुसरा हप्ता थांबवा, तो लांबलचक व्हिडिओ काढून टाका. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांची यादी असते, तिथे अनोळखी ईमेल दिसला तर लगेच काढा. गूगल खात्यातून सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, पासवर्ड बदला, खात्याला जोडलेली परकी ॲप्स तपासा. अशा माणसाचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या मात्र पुसू नका, तक्रार करताना त्याच लागतात. मी रागाच्या भरात अर्धे पुसले.

त्या मुलीने अजून कुणाला पैसे दिलेले नव्हते. पण बोलता बोलता म्हणाली, "दादा, त्यांनी चॅनेल तपासायला मॅनेजर ॲक्सेस मागितला होता, तेवढा दिलाय मी." मी तिला लगेच लॅपटॉप उघडायला सांगितलं. परवानग्यांच्या यादीत तिच्या नावाखाली दोन ईमेल होते, आणि त्यातला एकच तिला आठवत होता. दोन्ही काढून झाल्यावरच आम्ही फोन ठेवला.