शिवडीचा दगड आणि साडेचोपन्न हजारांचा अहवाल

गेल्या जानेवारीत शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो पाहायला गेलो असताना, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलाच्या कडेला मला एक काळा दगड सापडला. आकाराने नारळाएवढा, पण हातात घेताच चांगलाच जड लागणारा. अंगावर अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे आणि मधूनमधून गंजाचे डाग. मुंबईच्या पायाखाली बव्हंशी बेसाल्ट आहे, म्हणजे सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे मला शाळेच्या सहलीत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिल्यापासून ठाऊक होते. हा दगड तसा दिसत नव्हता, म्हणून तो पिशवीत घालून परळला घरी आणला. फ्रिजवरचे लोहचुंबक त्याला टक्कन चिकटले आणि त्या क्षणापासून माझी विचारशक्ती रजेवर गेली.

दगड अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला असावा, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि त्याचे फोटो दोन-तीन गटांमध्ये पाठवले. त्याच रात्री एका गृहस्थाचा फोन आला. अतिशय मृदू बोलणे, प्रत्येक वाक्यात ‘काका’, आणि अशनींविषयी माझ्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोलला अशनी पडले होते, ही खरी गोष्ट त्याने अशा रीतीने सांगितली की, पुढचे सगळेही खरेच वाटावे. प्राथमिक तपासणीचे २,५०० रुपये घेऊन तो घरी आला, त्याने स्वतःचे चुंबक लावून दाखवले, दगडाचा एक कपचा काढून घेतला आणि ‘लोखंडी अशनी आहे, ग्रॅमला ३०० रुपये कुठेच गेले नाहीत’ असे म्हणाला. दगडाचे वजन २ किलो २४० ग्रॅम होते. गुणाकार मी त्याच्या देखतच केला.

प्रयोगशाळेचे १४,००० रुपये भरल्यावर चार दिवसांनी शिक्का आणि होलोग्राम असलेला अहवाल आला. त्यानंतर परदेशी खरेदीदार ‘ठरला’ आणि निर्यात परवान्यासाठी परत मिळणारी अनामत म्हणून ३८,००० रुपये मागण्यात आले. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, विकत घेणारा आपल्याकडूनच पैसे का मागतोय?” या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, तरीही मी पैसे पाठवले. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

खरी चपराक पुढेच होती. शेजारच्या मुलीच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापिकांकडे मी दगड आणि अहवाल दोन्ही घेऊन गेलो. दगडाकडे पाहण्याआधी त्यांनी अहवाल वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले: निकेल ०.०४ टक्के. लोखंडी अशनीत निकेल साधारणपणे ५ टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे ज्या कागदाचे मी पैसे मोजले, त्याच कागदाने दगड लोखंडी अशनी नसल्याचे सांगितले होते. मग त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड बुडवून सांडलेले पाणी मोजले, ते ७०० मिलिलिटर भरले. म्हणजे घनता साधारण ३.२. लोखंडी अशनीची ७ ते ८ असते, तेव्हा एवढ्या आकाराचे लोखंडी अशनी जवळजवळ पाच किलोंचे किंवा अधिकच भरले असते. हा प्रयोग मला स्वयंपाकघरात दहा मिनिटांत, फुकट करता आला असता.

दगडी अशनींची घनता मात्र याच्या आसपास असू शकते, म्हणून त्यांनी कपचा निघालेली बाजू भिंगाखाली पाहिली. आत बारीक बारीक बुडबुड्यांची भोके होती. अशनीत अशी भोके जवळजवळ कधीच आढळत नाहीत, धातू वितळवताना निघणाऱ्या मळीत मात्र हमखास असतात. माझा दगड म्हणजे कुठल्यातरी भट्टीतली लोखंडाची मळी होती. पूर्व किनाऱ्यावर ठिकठिकाणी भराव टाकलेला असल्याने ती तिथे मिळण्यात त्यांना नवल वाटले नाही. चुंबकाविषयी त्या म्हणाल्या, “काका, चुंबक तर आपल्या बेसाल्टलाही थोडेफार ओढले जाते, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते.” संशय आला तर चिनीमातीच्या फरशीच्या खडबडीत पाठीवर दगड घासून पाहावा, असेही त्यांनी सांगितले: ठळक काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइट, तांबूस उमटली तर हेमॅटाइट हे दुसरे लोहखनिज असण्याचा संभव अधिक, ताज्या अशनीची रेघ सहसा उमटतच नाही किंवा अगदी पुसट राखी येते.

शिक्क्याच्या कागदाविषयीही त्यांच्याकडूनच कळले. अशनीला अधिकृत मान्यता मिळते ती आंतरराष्ट्रीय मेटिऑरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडून, आणि त्यासाठी नमुन्याचा २० टक्के भाग किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल ते, मान्य संस्थेत जमा करावे लागते. भारतात अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे कोलकात्याला आहे. घरी येऊन तपासणारा, प्रमाणपत्र देणारा आणि ग्राहक आणणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या कागदाला या व्यवस्थेत काहीही स्थान नाही.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण लाजेपायी अकरा दिवस उशिरा. तोवर पैसे दोन खात्यांतून पुढे गेले होते. पहिल्या काही तासांत कळवले असते तर ती रक्कम गोठवण्याची शक्यता होती, असे मला सांगण्यात आले. संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या ठेवल्या होत्या, एवढे एकच काम मी नीट केले.

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, त्यांच्या मेहुण्याला हाजीमलंगाच्या पायथ्याशी सापडलेल्या दगडाचा अहवाल मला दाखवला. शिक्का वेगळा होता, वजन वेगळे होते. निकेल ०.०४ टक्केच होते.