सारायेव्होची ‘लव्हस्टोरी’ वॉकिंग टूर : साडेतीन स्टार

सप्टेंबरमध्ये मी आणि नवरा बोस्नियात होतो तेव्हा राजधानी सारायेव्होत, युद्धात मारल्या गेलेल्या एका जोडप्याच्या प्रेमकथेची ही टूर केली, तीन तास, माणशी २० युरो. कंपनीचं नाव देत नाही, गाइड पोरगा चांगला होता, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

सुरुवातच गंडली. बाश्चार्शिया या जुन्या बाजारातल्या कारंज्यापाशी दहाला जमायचं, आम्ही पावणेदहाला हजर, हे महाशय सव्वादहाला. आठ जणांचा ग्रुप सांगितलेला, निघाले सतरा, माइक नाही, मागे राहिलात की फक्त लोकांच्या पाठी बघा. वर वाटेत तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात वीस मिनिटं, म्हणे नुसतं बघा. (आम्ही कॉफीचं भांडं घेतलंच, ते जाऊ दे.)

पण व्रबान्या पुलावर आलो आणि सगळ्यांची बडबड आपोआप बंद. अगदी छोटा पूल, मिनिटभरात संपतो, शेजारून ट्राम घंटी वाजवत जाते. १९९३ च्या मे महिन्यात बॉश्को ब्रकिच आणि अद्मिरा इस्मिच, तो सर्ब, ती मुस्लिम, दोघंही पंचविशीच्या आसपासचे, सर्ब सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यातून निसटायला इथून चालत निघाले, सर्ब आणि बोस्नियन अशा दोन्ही बाजूंशी बोलणं झालेलं की गोळी चालवणार नाही, तरी चालली. तो जागीच गेला, ती जखमी होऊन सरपटत त्याच्यापर्यंत पोचली, त्याला मिठी मारली आणि तशीच गेली. मग कित्येक दिवस दोघं तिथेच पडून, उचलायला कोण जाणार? गोळी कोणाची, यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

मी आपली आपल्याकडचीच स्टोरी डोक्यात घेऊन गेलेले, म्हणजे जातीबाहेर प्रेम आणि घरचे कोयता घेऊन मागे. म्हणून विचारलं, घरून विरोध होता का? गाइड पोरगा हसला. त्याचे स्वतःचे वडील सर्ब, आई मुस्लिम. म्हणाला, युद्धाआधी या शहरात अशी लग्नं इतकी व्हायची की कोणी मोजत नव्हतं, अद्मिराच्या आईवडिलांनाही बॉश्को चालत होता, विरोध केला तो १९९२ मध्ये डोंगरावर येऊन बसलेल्या सर्ब तोफांनी. बॉश्कोला निघून जाता आलं असतं, तो हिच्यासाठी थांबला. हे ऐकून माझे २० युरो वसूल.

त्याच पुलावर सुआदा आणि ओल्गा या दोघींच्या नावाची पाटी आहे, ५ एप्रिल १९९२ ला इथेच गोळी लागून गेल्या, एक मुस्लिम, एक क्रोएट (क्रोएशियन वंशाची). पूल आता त्यांच्याच नावाने आहे.

शेवटी गाडीने लायन सिमेट्री आणि तिथे फक्त दहा मिनिटं! आधी बॉश्को-अद्मिराला सर्बांच्या ताब्यातल्या भागात पुरलेलं, १९९६ मध्ये इथे आणलं, एकाच ठिकाणी. आणि ज्याने ही बातमी जगाला सांगितली तो रॉयटर्स वृत्तसंस्थेचा बातमीदार कर्ट शॉर्क २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये मारला गेला, त्याच्या अर्ध्या अस्थी या दोघांच्या शेजारी आहेत, हे गाइडने सांगितलंच नाही. मी आधी वाचलेलं म्हणून शोधलं, तोवर ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला.

एक स्टार कापला दुकानासाठी, अर्धा त्या हॉर्नसाठी. सिमेट्रीला दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीने परत गेलो, तासभर बसलो, तुम्हीही तसंच करा. आणि हो, शाकाहारींनी बुरेक (सारण भरलेली पेस्ट्री) मागू नका, तिथे बुरेक म्हणजे मांसाचाच, चीजवाला हवा तर सिर्नित्सा म्हणायचं.