‘लिथियम’ म्हणून शिसं विकलं : नवीन फिफ्थ व्हील घेणाऱ्यांनी हे वाचा

तीन महिने लिहू का नको असं चाललं होतं. बायको म्हणाली कशाला चारचौघात सांगायचं. पण गेल्या आठवड्यात कळलं की आमच्याच ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाला माझ्या ट्रेलरला शिशाच्या बॅटऱ्या लिथियम म्हणून बसवणाऱ्या माणसानंच माझ्या आधी पाच महिने असंच लुबाडलं होतं आणि ते लाजेनं गप्प बसले. ते बोलले असते तर माझे पैसे वाचले असते आणि माझ्या आईची ती रात्र वाचली असती. म्हणून मी लिहितोय, ज्याला हसायचंय त्यानं हसा.

आम्ही टेक्सासात, १९ वर्षं झाली. आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होते. आईला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मधेच थांबतो, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देणारं) लावल्याशिवाय झोपता येत नाही, गुडघ्यांमुळे मोटेलचे जिने नकोत, बाहेरचं खाणं सोसत नाही. तिला फिरवायचं तर घरच बरोबर न्यायला पाहिजे असं ठरवून फेब्रुवारीत ३४ फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर, २०१७ चं मॉडेल, २७,५०० डॉलर. एक टनी ट्रक माझ्याकडे आधीपासून होता. ट्रेलर विकणारे म्हातारे नवराबायको अगदी सरळ माणसं, त्यांनी स्वतःचा छोटा जनरेटरसुद्धा वर दिला.

ट्रेलर दारात आला पण ट्रकमध्ये हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांगाडा, बसवायचा होता, घराच्या बाजूला प्लग हवा होता, आणि मुक्कामाच्या जागी हुकअप, म्हणजे वीज-पाण्याचं कनेक्शन, नसेल तिथं वीज कुठून आणायची हा प्रश्न होता. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या पानावर एकाची जाहिरात दिसली, ‘फिफ्थ व्हील सेटअप आणि पॉवर, तुमच्या दारात’. व्हॅनवर नाव, टी-शर्टवर नाव, बोलणं मऊ. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर एकानं सांगितलं की हिच त्यानंच बसवला, भारी माणूस आहे. म्हणजे मी अगदीच न विचारता कुणाला घरात घेतलं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

पॅकेज ६,४८० डॉलरचं. हिच आणि फिटिंग, १०० ॲम्प-अवरच्या चार लिथियम बॅटऱ्या, ३,००० वॉटचा इन्व्हर्टर, छतावर ६०० वॉटचं सोलर, लाइन खराब असेल तर आपोआप तोडणारा प्रोटेक्टर, आणि घराच्या भिंतीवर ३० ॲम्पचं सॉकेट. ५०० ॲडव्हान्स क्रेडिट कार्डानं. बाकीचे ५,९८० कार्डानं दिले तर ३ टक्के जादा पडतील, बँकेच्या ॲपमधून पाठवा म्हणाला. म्हणून ३,००० आणि मग २,९८० असे दोनदा पाठवले. १७९ डॉलर ४० सेंट वाचवायला. ते ५०० कार्डावर होते म्हणून आज परत मिळालेत, बाकीचा एक सेंट नाही. कुणी ‘कार्ड नको’ म्हणालं की तिथंच व्यवहार थांबवा, ३ टक्के भरा, ५ टक्के भरा, पण कार्डच वापरा.

पहिल्या दिवशी त्यानं हिच बसवला, आणि तो त्यानं खरंच नीट बसवला. ट्रेलरची किंगपिन (पुढची जाड पिन) हिचच्या जॉमध्ये, म्हणजे जबड्यात, गेल्यावर लॉक झाली का बघायचं, पुढचे जॅक पूर्ण उचलायच्या आधी ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढं ओढून बघायचा, ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) हिचला न अडकवता ट्रकला अडकवायची, सोडताना आधी चाकांना ओट, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावायचे आणि मगच हँडल ओढायचं, सगळं त्यानं मला दोन-दोनदा करायला लावलं. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी फसलो ते इथं. ज्याला एवढं येतं तो बॅटरीत कशाला फसवेल असं वाटून गेलं. आता कळतं की हिच उघड्यावर असतो, डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथं चोरी करता येत नाही. बॅटरी डब्यात बंद असते.

दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या आल्या, आणि ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. माझे बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत, सबस्टेशनला ऑपरेटर होते, तिथल्या बॅटरी रूममध्ये त्यांची वर्षं गेली. ते खुर्ची टाकून बघत बसले होते. त्या माणसानं पहिली बॅटरी व्हॅनमधून काढली ती दोन हातांनी, पोटाला टेकवून. बाबा उठले, खाली ठेवलेल्या बॅटरीचा पट्टा धरून जरा वर उचलून बघितलं आणि मला म्हणाले, "अरे, ही शिशाची आहे. लिथियम एवढी जड नसते. सोसायटीतल्या लिफ्टला बसवल्यात तसल्या मी एका हातानं उचलल्यात. वजन करून बघ."

मी काय म्हणालो? "बाबा, इथलं वेगळं असतं." ज्या माणसानं आयुष्यभर बॅटऱ्यांच्या ॲसिडमध्ये हात घातले त्याला मी हे सांगितलं. बॅटऱ्या बसवणाऱ्यानं हसून विचारलं की वडील काय म्हणतायत, तर मी इंग्रजीत सांगितलं की बॅटऱ्या छान आहेत म्हणतायत. मला लाज वाटली होती, परक्यासमोर वडील शंका घेतात म्हणून. बाबांना इंग्रजी समजतं. ते काही बोलले नाहीत, खुर्ची उचलून आत गेले.

आकडे देतो, पाठ करून ठेवा. १०० ॲम्प-अवरची खरी लिथियम बॅटरी साधारण ११ ते १४ किलोची असते. तेवढ्याच क्षमतेची एजीएम, म्हणजे शिशाचीच सीलबंद बॅटरी, २७ ते ३० किलोची. फरक दुपटीच्या आसपास किंवा जास्त, त्याला मीटर लागत नाही, एक्सपर्ट लागत नाही. वर शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते, त्याखाली वारंवार ओढली की ती लवकर मरते. लिथियममधून जवळपास सगळी काढता येते. मी बॅटरीत किती वीज उरली ते फोनवर दाखवणाऱ्या ब्लूटूथ ॲपबद्दल विचारलं तर म्हणाला हे कमर्शियल मॉडेल आहे, ह्यात ब्लूटूथ नसतं. मी मान डोलावली.

आणि एसी. "रात्रभर एसी चालेल," हे त्याचं वाक्य. छतावरचा एसी १,६०० वॉट खातो. चार खऱ्या लिथियम धरल्या तरी १२.८ व्होल्ट गुणिले ४०० ॲम्प-अवर म्हणजे ५,१२० वॉट-अवर, एवढीच साठवलेली वीज. भागा. तीन तास, थोडे जास्त. शाळेतला भागाकार आहे आणि मी इंजिनिअर आहे. मला वाटलं कॉम्प्रेसर मधेमधे बंद होतो, रात्री गार पडतं, निभेल. माणूस ऐकायचं ते ऐकतो. तुम्हाला कुणी ‘रात्रभर’ म्हटलं की वॉट किती आणि वॉट-अवर किती हे कागदावर लिहून मागा. नाही दिलं तर दारातून परत पाठवा. ह्याच भरात तो म्हणाला आता जनरेटरचं काय काम, मी २०० ला घेतो. दिला मी. त्या म्हाताऱ्यांनी प्रेमानं दिलेला, नवा घ्यायला गेलं तर हजाराच्या वर.

त्याच संध्याकाळी भिंतीवरचं सॉकेट झालं. हौसेनं फोटो काढले, घराच्या ब्रेकर पॅनलचाही काढला, तो पुढं कामाला आला. आमचा ट्रेलर ५० ॲम्पचा, चार पिनचा, त्यात १२०-१२० च्या दोन लाइन येतात, एकूण १२,००० वॉट. घरी तेवढं नको म्हणून ३० ॲम्पचं तीन पिनी सॉकेट आणि मधे ॲडॅप्टर, त्यात ३,६०० वॉट मिळतात, फ्रिज गार करायला भरपूर. पण ट्रेलरचं ३० ॲम्पचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. कपडे वाळवायच्या जुन्या ड्रायरचं ३० ॲम्पचं सॉकेट २४० चं, आणि ट्रेलरच्या सॉकेटला ड्रायरसारखी वायर जोडणं ही ह्या धंद्यातली सगळ्यात जुनी घोडचूक आहे. त्यानं तीच केली.

सकाळी मी प्लग लावला, तत्क्षणी सगळं चालू झालं, आणि चार-पाच सेकंदात मायक्रोवेव्हमधून फट्ट आवाज आणि जळका वास. खरा प्रोटेक्टर आधी लाइन तपासतो, थोडा वेळ थांबतो, आणि २४० असेल तर वीज आत सोडतच नाही. लगेच चालू होणं हीच खूण होती, पण मला तेव्हा ती माहीत नव्हती, आणि नवीन माणसाला ती कशी माहीत असणार? त्याचा प्रोटेक्टर म्हणजे नुसता दिवा लावलेला डबा निघाला. फोन केल्यावर तो तासाभरात आला, आधी एकटाच पॅनलपाशी गेला, मग म्हणाला तुमच्या जुन्या ट्रेलरचा कन्व्हर्टर (बाहेरची वीज बॅटरीजोगी करणारा) खराब होता त्यानं हे झालं. ६२० डॉलर रोख घेऊन दुसरा कन्व्हर्टर बसवला, तोसुद्धा वापरलेला. एकूण ७,१०० झाले. मी परत पैसे दिले कारण चार दिवसांनी निघायचं होतं, आईचं शेजारणीलाही सांगून झालं होतं, बुकिंग्ज झाली होती. रागावणाऱ्यांनी स्वतःला ह्या जागी ठेवून बघा.

एप्रिलच्या शेवटी बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो. तिथं डोंगरातल्या चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २० फुटांपेक्षा मोठा ट्रेलर न्यायचा नसतो, म्हणून पार्काबाहेरच्या टर्लिंग्वा गावाच्या बाजूला एका खासगी जागेत उतरलो, हुकअप नाही, आपल्याला काय चिंता, लिथियम आहे. दिवसा अंग भाजत होतं, रात्री दहालाही पत्रा तापलेला. पावणेअकराला एसी लावला. साडेअकराला इन्व्हर्टर पी-पी करायला लागला आणि सगळं बंद. एसी बंद, पंप बंद, आईचं मशीन बंद. जनरेटर विकलेला. आई रात्रभर बाहेर खुर्चीत बसून होती, डोळा लागला की दचकून उठायची, बाबा शेजारी तिचा हात धरून. मी ट्रक चालू करून त्यात बसवतो म्हटलं तर बसून झोप येत नाही म्हणाली. त्या रात्री बाबांनी बॅटरीचं नाव एकदाही काढलं नाही. त्यांनी बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परत आल्यावर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं, २६० डॉलर. त्यानं ‘लिथियम’चं स्टिकर नखानं सोललं, खाली एजीएमचं जुनं लेबल, चारही वापरलेल्या. मग माझे फोटो बघितले. सॉकेट झालं त्या संध्याकाळच्या फोटोत पॅनलमध्ये दुहेरी ब्रेकर, म्हणजे २४० चा. आता तिथं एकेरी. म्हणजे त्या सकाळी त्यानं आधी स्वतःचा पुरावा काढला आणि मग माझ्याकडून ६२० घेतले. मायक्रोवेव्ह नवीन ३८९. प्लग लावायच्या आधी सॉकेटला मल्टिमीटर लावा, २०-२५ डॉलरला मिळतो, ३० ॲम्पला १२० च्या आसपास दिसलं पाहिजे, २४० दिसलं तर हातही लावू नका. आणि घराचं वायरिंग करणाऱ्याला टेक्सासात इलेक्ट्रिशियनचं लायसन्स लागतं, त्याचा नंबर मागा, राज्याच्या वेबसाइटवर मिनिटात तपासता येतो. मी मागितला नव्हता.

आता पुढचं ऐका. पोलिसांना फोन केला, तीन दिवसांनी एक ऑफिसर आला. सोललेलं स्टिकर दाखवलं, पॅनलचा तेव्हाचा आणि आताचा असे दोन्ही फोटो दाखवले. म्हणाला, त्यानं सामान दिलं ना, काम केलं ना, मग हा तुमच्या दोघांतला व्यवहार, सिव्हिल मॅटर. मी म्हटलं सोनं म्हणून पितळ विकलं तर ती चोरी नाही का? म्हणाला त्यालाही कदाचित माहीत नसेल. ब्रेकर बदलला ते? त्यावर उत्तर नाही. एक नंबर लिहिलेलं कार्ड देऊन गेला. चार वेळा फोन केला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा. बँकेत ४७ मिनिटं होल्डवर राहून उत्तर काय, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोड तुम्ही टाकलात, अकाउंट हॅक झालं असतं तर बघितलं असतं. म्हणजे चोरानं माझा फोन चोरून पैसे नेले तर माझं संरक्षण, आणि माझ्याकडूनच फसवून नेले तर माझं नशीब? कुठल्या अकाउंटला गेले ते बँकेला माहीत आहे, माणसाचं नाव माहीत आहे, मला सांगणार नाहीत, त्याची प्रायव्हसी आहे म्हणे. १९ वर्षांचं खातं आहे माझं त्या बँकेत. ग्राहक तक्रारीच्या दोन ऑफिसांना कागदपत्रं पाठवली, दोन्हीकडून पोच आली आणि पुढं शांतता. जाहिरातीच्या पानाला रिपोर्ट केलं तर आपोआप उत्तर की ह्यात नियमभंग दिसत नाही. तो अजून तिथं आहे, नवीन नावानं, आणि जाहिरातीत जो फोटो लावलाय तो माझ्या ट्रेलरच्या छताचा आहे. माझ्या छताचा!

शेवटी छोट्या दाव्यांच्या कोर्टात केस टाकली, इथं २०,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय लढता येतं. फी आणि नोटीस पोचवायचे मिळून १३४. बिलावरचा त्याचा पत्ता म्हणजे भाड्याच्या टपालपेट्यांचं दुकान निघालं, नोटीस परत आली. त्याच्या व्हॅनचा नंबर माझ्या एका फोटोत कोपऱ्यात आलाय, त्यावरून पत्ता शोधणं चाललंय. काम सुरू व्हायच्या आधी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा, प्रत्येक बॅटरीच्या लेबलचा आणि सिरीयल नंबरचा काढा. कुणी नाही म्हणालं तर त्याला तिथंच जाऊ द्या.

ते दुसरं कुटुंब आता साक्षीला यायला तयार झालंय, त्यांच्याकडेही तशाच दोन बॅटऱ्या, तेच स्टिकर. टेक्सासात अजून कुणाला ‘कमर्शियल, ब्लूटूथ नाही’ अशा बॅटऱ्या बसवून मिळाल्या असतील तर आज उचलून बघा आणि मला कळवा.

आईबाबा पुढच्या महिन्यात परत जातायत. परवा बाबांनी बॅगा मोजायचा लटकता काटा आणला आणि गॅरेजमध्ये मला बॅटऱ्या धरायला लावून चारही मोजल्या. वहीच्या कागदावर तारीख घालून लिहिलं, २९.१, २९.४, २८.९, २९.२, खाली सही केली, आणि सहीखाली इंग्रजीत ‘रिटायर्ड सबस्टेशन ऑपरेटर’. कोर्टाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तो कागद लावलाय.