फिलर निवडताना आधी काय पाहावे: टिकाऊपणा की परतीची वाट?

चेहऱ्यावर फिलर, म्हणजे खोलगट जागा आणि घड्या भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचा पदार्थ, घ्यायचे जवळजवळ ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'किती दिवस टिकेल?' हा असतो. माझ्या मते त्याआधी 'नको वाटले तर काढता येईल का?' हे विचारावे, कारण प्रमुख पर्यायांमधला महत्त्वाचा फरक या उत्तरातच दडलेला आहे.

मुळात आपल्याला फिलरच हवे आहे का, हे आरशासमोर बऱ्याच अंशी कळते. कपाळाला आठ्या घालाव्यात आणि मग चेहरा सैल सोडावा. सैल सोडताच जी रेघ पुसली जाते ती स्नायूंच्या हालचालीची असते. तिला भरावाची नव्हे, तर स्नायू शिथिल करणाऱ्या बोटॉक्सची गरज असते. त्याचा परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. बसलेले गाल किंवा नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी, चेहरा स्थिर असतानाही दिसणारी घडी हा मात्र फिलरचा प्रांत आहे.

त्यात सर्वाधिक वापर हायलुरॉनिक अॅसिडचा होतो. पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ आपल्या त्वचेत असतोच. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींशी जोडून घट्ट जेल केलेले असते, म्हणून ते लगेच विरघळून जात नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा पहिल्या फिलरला २००३ मध्ये मान्यता दिली. भराव लगेच दिसतो आणि उत्पादन व जागा यांनुसार साधारण ६ ते १८ महिने टिकतो. ओठांसारख्या सतत हलणाऱ्या जागी तो लवकर कमी होतो. डोळ्यांखालच्या पातळ त्वचेत तो फार वर भरला गेला तर निळसर छटा दिसते. पण हायलुरॉनिडेज या एंझाइमचे इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो, आणि ही सोय पुढच्या दोन्ही पर्यायांत नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट हे हाडांतील खनिजाच्याच जातीचे असून त्याचे २५ ते ४५ मायक्रॉनचे गोल कण जेलमधून भरले जातात. जेल काही महिन्यांत शोषले जाते, कणांभोवती नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार होते आणि परिणाम वर्षभर किंवा थोडा अधिक टिकतो. गालाला आणि जबड्याच्या कडेला ते चांगला आधार देते. ओठांत मात्र गाठी होत असल्याने ते टाळतात.

पॉली-एल-लॅक्टिक अॅसिड तर खऱ्या अर्थाने भरावच नव्हे. निर्जंतुक पाण्यात मिसळलेली ही भुकटी टोचली की गाल त्या पाण्याने फुगलेले दिसतात, चार-सहा दिवसांत ते पूर्ववत होतात आणि पैसे वाया गेले असे वाटू लागते. खरे काम त्यानंतर सुरू होते: काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन सत्रे, घरी नियमित मालीश आणि हळूहळू वाढणारे कोलॅजन. परिणाम दोन वर्षे किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. संपूर्ण चेहराच ओढल्यासारखा दिसत असेल आणि धीर धरता येत असेल, तर हा पर्याय उत्तम. पुढच्या महिन्यातल्या समारंभासाठी निरुपयोगी.

सूज आणि काळेनिळे डाग बहुधा काही दिवसांत जातात. खरी भीती आहे ती फिलर रक्तवाहिनीत शिरण्याची. असे क्वचितच घडते. पण घडले तर त्वचा मृत होऊ शकते आणि दृष्टीही जाऊ शकते. नाक आणि दोन भुवयांमधला भाग त्या दृष्टीने विशेष जोखमीचा आहे. टोचल्यावर त्वचा एकाएकी पांढरी पडणे, तीव्र वेदना, जाळीसारखे डाग किंवा दिसण्यात फरक जाणवला तर क्षणाचाही विलंब चालत नाही. अशा वेळी हायलुरॉनिक अॅसिडवर निदान एक थेट उपाय हाताशी असतो, आणि म्हणूनच पहिल्यांदा घेणाऱ्याने, ते कमी टिकत असले तरी, त्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते. हायलुरॉनिडेज त्याच दवाखान्यात तयार ठेवलेले आहे का, हे मात्र सुई टोचण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि सीलबंद सिरिंज आपल्यासमोर उघडायला सांगावी.