सोसायटीतलं जुनं झाड आतून पोकळ आहे का? सुईवालं मशीन घ्यावं की आवाजवालं?

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या मिटिंगमध्ये ठरलेला विषय, गेटजवळचा रेन ट्री पडणार तर नाही ना, आणि मग कोणीतरी म्हणतं मशीन लावून बघू. पण मशीन दोन प्रकारची येतात आणि दोन्हींचं काम वेगळं असतं, म्हणून कोटेशन मागवायच्या आधी एवढं वाचा.

पहिलं रेझिस्टोग्राफ. दिसायला ड्रिलसारखंच पण सुई जेमतेम दीड मिलिमीटर जाड आणि टोक तीन मिलिमीटरचं, ती खोडात शिरताना फिरायला किती जोर लागतोय त्याचा ग्राफ निघतो. टणक लाकूड लागलं की रेघ वर, कुजकं लागलं की धपकन खाली. सालीपासून किती सेंटीमीटरवर कूज सुरू होते ते अगदी नेमकं कळतं, पण फक्त त्या एका रेषेवरचं, चार बोटं बाजूला ढोली असली तरी सुईला पत्ता नसतो. शिवाय लाकूड कडक असेल तर सुई खोल गेल्यावर तिचा दांडाच घासायला लागतो, रेघ उगाच वर चढते आणि आतली कूज झाकली जाऊ शकते. आणि झाड कुजलेल्या भागाभोवती स्वतःच आतून भिंती घालून घेतं (अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगोने १९७० च्या दशकात हे मांडलं), सुई त्याच भिंतीतून आरपार जाते. एकदोन भोकांनी काही होत नाही हो, पण खोडाची चाळण करू देऊ नका.

दुसरं सोनिक टोमोग्राफ. खोडाभोवती सालीतून लाकडापर्यंत छोटे खिळे ठोकतात, त्यावर सेन्सर लावतात, मग एकेका खिळ्यावर हातोडीने टकटक करायचं आणि आवाज बाकीच्या सेन्सरपर्यंत किती वेळात पोचला ते मोजायचं. समजा खोड ९० सेंमी जाड आणि आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर, तर समोर पोचायला ६०० मायक्रोसेकंद, मध्ये ढोली असेल तर आवाजाला वळसा पडतो आणि वेळ वाढतो. यावरून कॉम्प्युटर त्या उंचीवरचा खोडाचा रंगीत नकाशा काढतो. पूर्ण काप एकदम दिसतो हा मोठा फायदा. पण आवाजाला भेग आणि पोकळी यातला फरक कळत नाही, एक लांब भेग असली तरी नकाशात अर्धा गाभा कुजल्यासारखा दिसू शकतो, कमिटीवाले ते रंग बघूनच घाबरतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

माझं मत विचाराल तर आधी सोनिक, आणि नकाशात शंका आली तर त्याच जागी सुईची एकदोन भोकं. नुसती सुई घेऊन येणारा असेल तर भोकाची जागा कशावरून ठरवली ते विचारा. वडाला मात्र सोनिक जरा अवघड जातं, पारंब्या खोडाला चिकटून वेडावाकडा आकार होतो. आणि माडाच्या बाबतीत कोणी ग्राफ दाखवून आतून मऊ झालाय म्हणालं तर लगेच मान डोलावू नका, निरोगी माडाचंही लाकूड बाहेर घट्ट आणि आत हलकंच असतं. लाकडाची कांडी काढणारा बोररही असतो, वय काढायला, संशोधनाला छान, पण त्याचं भोक बरंच मोठं पडतं, सोसायटीच्या झाडाला नकोच.

पोकळ म्हणजे धोकादायक असंही नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरुहचा झाडांच्या मजबुतीचा अभ्यासक क्लाउस मॅथेक याचा ढोबळ नियम आहे की उरलेली चांगली भिंत त्रिज्येच्या साधारण ०.३ तरी हवी, म्हणजे ८० सेंमी जाड खोडाला १२ सेंमी. या नियमावरही वाद आहेत, मोठी जुनी झाडं त्याहून पातळ भिंतीवर उभी असतात आणि ढोली एका बाजूने उघडी असेल तर हिशोब वेगळा, त्यामुळे एका आकड्यावर कुऱ्हाड घालू नका.

खरी गोम मुळांत आहे. दोन्ही मशीन खोड बघतात, जमिनीखालचं नाही, आणि पावसात कितीतरी झाडं मुळासकट उलथतात. म्हणून बुंध्याशी गॅनोडर्माची कडक अळंबी उगवलीय का, पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत आलेत का, केबलसाठी चर खणताना मुळं तोडली का, झाड नव्याने कललंय का आणि मागची माती उचललीय का, हे आधी बघा. यासाठी मशीन लागत नाही. लाकडी मोगरीने खोड ठोकत फिरलं तरी बद्द आवाजाची जागा कळते, सेन्सर कोणत्या उंचीवर लावायचा ते त्यावरूनच ठरवतात.

रिपोर्ट हातात आला म्हणून झाड तोडता येत नाही हेही लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जतन करायच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरतात. तेव्हा कोटेशनमध्येच लिहून घ्या की कोणत्या उंचीवर किती काप घेणार, मुळांची पाहणी धरली आहे का, आणि छाटणीने वजन कमी करून झाड ठेवता येईल का हे रिपोर्टमध्ये येणार का.